मुलाच्या वाक्याला घरात वाचक हवा

मुलाची वही तपासायला घेतली की बहुतेक घरांमध्ये मोठ्यांची नजर आधी ऱ्हस्व-दीर्घावर जाते, मग अक्षरावर, आणि मग पान किती भरले यावर. वाक्याचा अर्थ लागतो का, एका वाक्यातून पुढचे वाक्य निघते का, हे पाहायची वेळ बहुधा येतच नाही, कारण तोवर वहीवर लाल खुणांची दाटी झालेली असते आणि मूल कंटाळलेले असते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा असल्यामुळेच शाळेत वर्षानुवर्षे निबंध लिहूनही पुष्कळ मुलांना मनातली साधी गोष्ट चार सलग वाक्यांत, दुसऱ्याला एका वाचनात कळेल अशी, मांडता येत नाही. नीट वाक्य लिहायला शिकताना मुलाला सर्वांत आधी वाचक लागतो: मनापासून वाचणारा, न कळल्यास विनासंकोच विचारणारा, आणि कळल्यावर शुद्धलेखनाआधी त्या मजकुराबद्दल बोलणारा. असा वाचक शाळेपेक्षा घरात मिळणे सोपे आहे. म्हणून पालकांनी घरी दुसरा शिक्षक होण्याचा अट्टहास सोडावा आणि मुलाचे वाचक व्हावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

बोलताना अस्खलित असणारे मूल लिहिताना अडखळते, याचे कारण त्याला भाषा येत नाही हे नसते. बोलताना समोर ऐकणारा असतो. मूल अर्धवट बोलले तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसतो, तो ‘कोण?’ ‘कधी?’ असे विचारतो, आणि मूल लगेच राहिलेला भाग सांगून टाकते. बोट दाखवता येते, हातवारे करता येतात, आवाज चढवता-उतरवता येतो. कागदासमोर बसल्यावर यातले काहीच उरत नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही अडचण नेमकी दाखवली आहे. लेखन म्हणजे समोर श्रोता नसताना केलेले बोलणे, आणि बोलण्याची गरज प्रसंगातून आपोआप निर्माण होते तशी लेखनाची होत नाही, लिहिणाऱ्याला तो प्रसंग मनात स्वतःच उभा करावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आठ वर्षांच्या मुलाला हे एकदम जमत नाही. आपल्याला माहीत आहे ते वाचणाऱ्यालाही माहीत आहे, असे ते गृहीत धरते. त्याच्या लेखनातली बहुतेक संदिग्धता याच गृहीतकातून येते, आणि ती व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने दूर होत नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वहीत सहज सापडेल असा हा मजकूर पाहा: “काल मी आणि दादा खेळत होतो मग त्याचा मित्र आला मग तो पडला मग त्याला लागलं मग ते आले आणि ओरडले आणि आम्ही पळालो.” यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल पेन्सिल घेऊन बसलेला मोठा माणूस यात दोन-तीन पूर्णविराम घालील, ‘मग’ खोडील, आणि वही परत देईल. मुलाला यातून एवढेच कळेल की ‘मग’ लिहायचे नसते. आता हाच मजकूर वाचकाच्या नजरेने वाचला, तर कसा संवाद होतो ते पाहू.

“कोण पडलं रे, दादा की त्याचा मित्र?”

“मित्र.”

“बरं. आणि ‘ते आले’ म्हणजे कोण आले?”

“शेजारचे आजोबा. चेंडू त्यांच्या झाडांत गेला होता ना!”

“चेंडू? चेंडूचं तर तू काही लिहिलंच नाहीस.”

मूल इथे थबकते, वहीकडे पाहते, आणि चेंडू खरोखरच लिहिलेला नाही हे त्याच्या लक्षात येते. सगळ्या गोष्टीचा कणा असलेला चेंडू त्याच्या डोळ्यांसमोर इतका स्पष्ट होता की तो कागदावर उतरला नाही याची त्याला जाणीवच नव्हती. लेखन शिकण्यातला हा फार महत्त्वाचा क्षण आहे. आपल्या मनात आहे ते सारे कागदावर आलेले नसते, हे एखादा नियम पाठ करून कळत नाही. खऱ्या वाचकाला खरोखर न कळल्यावरच कळते. ‘ते’ या सर्वनामाचेही तसेच आहे. मराठीत ‘ते’ म्हणजे आदराने उल्लेखलेली एक व्यक्ती असू शकते किंवा पुष्कळ माणसे असू शकतात, त्यामुळे आजोबांचा आधी उल्लेख नसेल तर वाचणाऱ्याला एक माणूस आला की दहा आले, हेही समजत नाही.

या बोलण्यानंतर मुलाने स्वतः पुन्हा लिहिलेला मजकूर साधारण असा होतो: “काल मी आणि दादा चेंडू खेळत होतो. थोड्या वेळाने दादाचा मित्र आला. चेंडू शेजारच्या आजोबांच्या झाडांत गेला, तो आणायला धावताना मित्र पडला आणि त्याला लागलं. तेवढ्यात आजोबा आले आणि ओरडले, म्हणून आम्ही तिघं पळालो.” पूर्णविराम कोणी घालायला सांगितले नव्हते. वाचणाऱ्याच्या प्रश्नांनी गोष्टीचे टप्पे वेगळे झाले आणि त्यांच्याबरोबर वाक्येही वेगळी झाली. ‘तेवढ्यात’ आणि ‘म्हणून’ हे शब्द कोणी सुचवले नाहीत, दोन घटनांमधला संबंध सांगण्याची गरज पडली तेव्हा ते आले. वाचकाने एवढ्यावर “पण त्याला लागलं होतं ना, तरी तो पळाला?” असे सहज विचारले, तर पुढच्या खेपेला मूल ‘लागलं होतं तरी’ हेही लिहील. ‘तरी’ हे उभयान्वयी अव्यय आहे हे त्याला चार वर्षांनी शिकवले तरी चालेल.

इथे ‘लागलं’ आणि ‘तिघं’ ही बोलण्यातली रूपे मी मुद्दाम तशीच ठेवली आहेत. ‘लागले’ आणि ‘तिघे’ लिहावे हा आग्रह पुढे धरता येईल, आणि धरावाही, पण मूल वाक्याची जुळणी शिकत असताना त्याच्या तोंडची भाषा त्याच्यापासून काढून घेतली, तर त्याला एकाच वेळी दोन ओझी वाहावी लागतात. शिवाय लहान वयात अक्षर वळवण्यातच पुष्कळ लक्ष खर्ची पडते. सहा वर्षांच्या मुलाला वाक्य सुचते आणि पहिले दोन शब्द काढून होईपर्यंत उरलेले विसरायला होते. अशा वयात मुलाने सांगावे आणि मोठ्याने ते जसेच्या तसे लिहून घ्यावे, हा मार्ग उत्तम. लिहून झाल्यावर ते मुलाला वाचून दाखवले की आपलेच वाक्य कागदावर कसे दिसते ते त्याला दिसते, आणि बहुतेक मुले तिथल्या तिथे “असं नाही, असं लिही” म्हणून ते दुरुस्तही करतात. ही दुरुस्ती म्हणजे संपादनाचा पहिला धडा होय, आणि त्यासाठी मुलाला पेन्सिल धरता येण्याचीही गरज नसते.

वाचकाने नेमके काय पाहावे, हा प्रश्न पालकांना पडतो. त्यासाठी व्याकरणाची पुस्तके उघडण्याची गरज नाही. पदसमूहाचे वाक्य कशाने होते, याचा विचार आपल्या परंपरेत शतकानुशतके झालेला आहे आणि तो आजही घरात वापरण्याइतका सोपा आहे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, वाक्याचा अर्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही तीन कारणे सांगितली. 17व्या शतकातील अन्नंभट्टाने त्यांची दिलेली उदाहरणे मुलांनाही कळतील अशी आहेत. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असे शब्द ओळीने उच्चारले तर वाक्य होत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षाच नाही. ही आकांक्षेची उणीव. ‘आगीने शिंपडावे’ असे म्हटले तर शब्दांची अपेक्षा पुरी होते, पण आगीने शिंपडता येत नाही. ही योग्यतेची उणीव. आणि ‘गाय आण’ यातला एक शब्द आता आणि दुसरा एका प्रहराने उच्चारला तर ऐकणाऱ्याला अर्थबोध होणार नाही. ही संनिधीची उणीव.

मुलांच्या वाक्यांत या तिन्ही उणिवा जशाच्या तशा आढळतात. ‘काल संध्याकाळी मैदानावर खेळताना अचानक’ एवढे लिहून मूल पूर्णविराम देते आणि पुढच्या ओळीवर जाते. आकांक्षा अपुरी राहिली, वाचणाऱ्याने “अचानक काय झालं?” एवढे विचारणे पुरेसे आहे. ‘सामना संपल्यावर गर्दी रिकामी झाली’ असे मूल लिहिते. मैदान रिकामे होते आणि गर्दी पांगते, ही योग्यतेची बाब आहे. इथे हसू येते, पण हसू नये, “काय रिकामं झालं?” असे विचारले की मूल स्वतःच ‘मैदान’ म्हणते.

संनिधीची उणीव मात्र सर्वांत चिवट असते आणि ती मोठ्यांच्या लेखनातही टिकून राहते, म्हणून तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. कर्ता आरंभी आणि क्रियापद शेवटी असल्यामुळे मधे जितका मजकूर भराल तितके त्या दोघांमधले अंतर वाढते, आणि सवय नसलेल्या लेखकाच्या हातून कर्त्याचे बोट सुटते. ‘मी पुस्तक जे काकाने मला दिले होते आणि ज्यात प्राण्यांची चित्रे आहेत ते हरवले’ या वाक्याचा आरंभ ‘मी’ने झाला आणि शेवट पुस्तकाशी. मधल्या मजकुरात ‘मी’ला क्रियापदच मिळाले नाही. हे वाक्य दोन तऱ्हांनी सावरता येते. एक तर ते तोडावे: ‘काकाने मला एक पुस्तक दिले होते. त्यात प्राण्यांची चित्रे होती. ते मी हरवले.’ किंवा मधली माहिती नामाआधी आणून बसवावी: ‘काकाने दिलेले प्राण्यांच्या चित्रांचे पुस्तक मी हरवले.’ दोन्ही वाक्ये मुलासमोर ठेवून कोणते वाचायला बरे वाटते ते त्यालाच विचारावे. ‘शिक्षकांनी मुलाला हसत उत्तर द्यायला सांगितले’ यात हसणारे शिक्षक की मूल, याचा निर्णय वाचक करू शकत नाही. ‘हसत’ हा शब्द उचलून ‘शिक्षकांनी’च्या आधी ठेवला की प्रश्न मिटतो. शब्द एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवल्यावर अर्थ कसा बदलतो, हे पाहण्यात मुलांना खरोखर गोडी वाटते, आणि त्यासाठी ‘क्रियाविशेषण’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही.

वाक्य कोठे संपते हे ओळखण्यासाठीही शेवटी येणारे क्रियापद मुलाच्या मदतीला येते. जुन्या मोडी लिखाणात विरामचिन्हे नसत, तरी व्यवहार अडत नसे, कारण वाक्य पुरे झाल्याची खूण भाषेच्या रचनेतच होती. मुलाने आपला मजकूर मोठ्याने वाचला की क्रियापदाशी त्याचा आवाज आपोआप खाली येतो. तिथे पूर्णविराम द्यायचा, हे त्याचे त्यालाच उमगते. मोठ्याने वाचून घेण्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि घरांमध्ये तोच सर्वांत कमी केला जातो.

व्याकरण घोकून घेतल्याशिवाय शुद्ध वाक्य कसे येणार, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नावर अमेरिकेत बरेच संशोधन झाले आहे. रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1963 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटले की औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखन सुधारण्यावर होणारा परिणाम नगण्य असतो, किंवा प्रत्यक्ष लेखनाचा वेळ त्यात जात असल्याने अपायकारकही ठरतो. 1973 मध्ये फ्रँक ओहेअर यांनी सातवीच्या मुलांकडून व्याकरणाच्या परिभाषेविना केवळ छोटी वाक्ये जोडून मोठी वाक्ये करण्याचा सराव करून घेतला, आणि त्या मुलांच्या वाक्यरचनेत स्पष्ट प्रगती आढळली. 2007 मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात वाक्ये जोडण्याच्या सरावाचा परिणाम अधिक 0.50 आणि सुट्या व्याकरणाच्या अध्यापनाचा परिणाम उणे 0.32 असा निघाला (अधिक म्हणजे लेखन सुधारले, उणे म्हणजे घसरले). हे अभ्यास इंग्रजी लेखनाचे आहेत, तेव्हा आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यांमागचे कारण भाषेपलीकडचे आहे: वाक्य ओळखण्याचा सराव आणि वाक्य घडवण्याचा सराव ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले केल्याने दुसरे येत नाही.

वाक्ये जोडण्याचा हा सराव मराठीत फार समृद्ध होऊ शकतो, कारण दोन क्रिया एकमेकींना जोडण्याची साधने आपल्या भाषेत विपुल आहेत. ‘पाऊस पडत होता. मैदान ओले झाले. आम्ही खेळलो नाही.’ ही तीन वाक्ये मुलाला द्यावीत आणि त्यांचे एक वाक्य करायला सांगावे. ‘पावसाने मैदान ओले झाल्यामुळे आम्ही खेळलो नाही’ असे एक मूल करील, ‘मैदान ओले झाले होते म्हणून’ असे दुसरे. मग शेवटचे वाक्य बदलून ‘आम्ही खेळलो’ असे करावे आणि पुन्हा जोडायला सांगावे. आता ‘म्हणून’ चालत नाही, ‘तरीही’ आणावे लागते. एकच गोष्ट बदलल्याने जोडणारा शब्द का बदलला, याचे उत्तर मुलाला देता आले की कार्यकारणाची समज त्याच्या वाक्यरचनेत उतरू लागली असे समजावे. याच सरावात मराठीची एक खास खाचही त्याच्या हाती लागते. ‘मी घरी येऊन हात धुतले’ हे बरोबर वाटते, पण ‘मी घरी येऊन पाऊस सुरू झाला’ हे कानाला खटकते. तिथे ‘मी घरी आल्यावर पाऊस सुरू झाला’ असेच म्हणावे लागते. येणारा आणि धुणारा एकच आहे, म्हणून पहिल्या वाक्यात ‘येऊन’ चालते, दुसऱ्यात येणारा मी आणि सुरू होणारा पाऊस आहे. मुलाला हा नियम सांगण्याआधी अशी पाच-सहा वाक्ये तोंडी म्हणू द्यावीत. नियम ते स्वतःच सांगेल, आणि स्वतः काढलेला नियम विसरला जात नाही.

एकेक वाक्य सुधारले म्हणजे मजकूर सुसंगत होतोच असे नाही. चार निर्दोष वाक्ये एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखी ओळीने उभी असू शकतात, आणि पाठ केलेल्या निबंधांत हेच आढळते. सुसंगतीसाठी प्रत्येक वाक्याने मागच्या वाक्यातले काहीतरी हातात धरून पुढे काहीतरी नवे सांगायचे असते. हे शिकवायला वाक्ये वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ती फिरवून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. 1960च्या दशकात इटलीतील बार्बियाना या डोंगराळ खेड्यात लोरेन्झो मिलानी यांच्या शाळेतील मुले एकत्र बसून लिहीत, तेव्हा आपले विचार सुट्या कागदांवर मांडून त्यांचा क्रम लावणे, पुनरुक्ती काढून टाकणे, आणि अनावश्यक शब्द खोडणे अशीच त्यांची पद्धत होती. शेतमजुरांची आणि शाळेत नापास ठरलेली ही मुले होती, आणि त्यांनी 1967 मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पत्र जगभर वाचले गेले. घरी पाच-सहा चिठ्ठ्यांवर हे सहज करता येते. क्रम बदलला की एखादी चिठ्ठी कोठेच बसत नाही असे मुलाला दिसते; ती बाजूला काढायची की तिला जोडणारे आणखी एक वाक्य लिहायचे, हा निर्णय त्याने घ्यावा.

या सगळ्याच्या नेमके उलट जाणारी एक सवय आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ घरांत मुलाचा निबंध आई-वडील लिहून देतात, किंवा तयार पुस्तकातून उतरवून घ्यायला सांगतात. ‘पहाटेची सोनेरी किरणे धरतीवर पसरली होती’ असे वाक्य ज्या मुलाने पहाट कधी निरखली नाही त्याच्या वहीत येते, आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. यातून मूल हे शिकते की लेखन म्हणजे आपल्याला न वाटलेले, कोणी न विचारलेले, सुंदर शब्दांत लिहिणे. ज्या वाक्यामागे सांगण्यासारखे काही नाही त्याची जुळणी तपासायची तरी कशाच्या आधारे? वाचकाने प्रश्न विचारला तरी मुलाजवळ उत्तर नसते, कारण ते वाक्य त्याचे नसतेच. म्हणून विषय मुलाच्या पाहण्यातला असावा आणि लेखन कोणाला तरी पोहोचावे. मावशीला पत्र, खेळाचे नियम न जाणणाऱ्या मित्रासाठी ते नियम, घरी नसलेल्या बाबांसाठी दिवसभराचा निरोप, बिघडलेल्या वस्तूबद्दल दुरुस्ती करणाऱ्याला चिठ्ठी, असे लेखन असले की ते कळले की नाही हे पुढे आपोआप उघड होते. खेळाचे नियम वाचून मित्र चुकीचा खेळला, तर कोणते वाक्य चुकले हे शोधण्याची मुलाला स्वतःलाच निकड वाटते. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने 1920च्या दशकात आपल्या वर्गात छापण्याचे यंत्र आणले, ते याच गरजेपोटी: मुलांचा मजकूर दुसऱ्या गावातल्या मुलांकडे जात असे, आणि ती मुले तो वाचून उत्तर देत.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की हे शाळेचे काम आहे. शाळेचे ते आहेच, आणि शाळेने ते टाळू नये. पण साधा हिशेब करून पाहावा. वर्गात 40 मुले असतील आणि शिक्षकाने प्रत्येकाच्या मजकुरावर केवळ 5 मिनिटे बोलायचे ठरवले, तर एका मजकुराला 200 मिनिटे, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ लागेल. कोणत्याही वेळापत्रकात हे रोज बसणार नाही. घरात एका मुलाला 10 मिनिटे आठवड्यातून तीनदा देणे अशक्य नसते, आणि एका बैठकीत एकच वाक्य नीट झाले तरी पुरे. सर्व चुका एकाच दिवशी सुधारण्याच्या हव्यासाने मुलाचा हात आखडतो. मग ते सुरक्षित, तोकडी, कोणाला खटकणार नाहीत अशी वाक्ये लिहू लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या घरात मोठ्यांना लिहिता-वाचता येत नाही, तिथे काय करायचे? लेखन शिकवण्याचा भार घरावर टाकला तर शिकलेल्या घरांतली मुले आणखी पुढे जातील आणि बाकीची मागे राहतील, ही भीती रास्त आहे, आणि घराने शिक्षकाचे काम करावे असे म्हटले तर ती खरीही ठरेल. वाचकाचे काम मात्र वेगळे आहे. मुलाने वाचून दाखवले आणि आजीने “अगं, पण कोण आलं? आणि तू तेव्हा कुठे होतीस?” असे विचारले, की वाचकाचे काम झाले. आजीला अक्षर ओळखता येत नसले तरी गोष्ट ऐकता येते आणि ती कोठे तुटली हे तिला इतर कोणाहूनही आधी समजते. गोष्टी सांगत-ऐकत आलेल्या माणसांचा कान या बाबतीत फार तयार असतो. किंबहुना फार शिकलेला पालक पुष्कळदा वाईट वाचक ठरतो, कारण त्याला मुलाने न लिहिलेलेही समजते आणि तो प्रश्न न विचारता थेट दुरुस्ती करतो.

शाळेचे माध्यम वेगळे असेल तर घरी कोणत्या भाषेत लिहायचे, याचेही उत्तर यातूनच निघते. मूल ज्या भाषेत भांडते, तक्रार करते आणि गोष्ट सांगते, त्याच भाषेत त्याला वाक्य घडवायला शिकवावे, कारण तिथेच खटकलेले त्याच्या कानाला कळते. क्रम लावणे, वाचणाऱ्याला काय ठाऊक नाही याचा अंदाज घेणे, कारण आणि परिणाम वेगळे करणे, ही कौशल्ये एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कॅनडातील शिक्षण-संशोधक जिम कमिन्स यांनी 1979 पासून हाच विचार मांडला आहे.

अलीकडे एक तिसरा आक्षेपही ऐकू येतो. 2022 च्या अखेरीपासून संगणकाला सांगून हवा तसा मजकूर लिहून घेता येऊ लागला आहे, मग मुलांना हे कष्ट कशाला, असे सुजाण माणसेही विचारतात. यंत्र सफाईदार वाक्य देते हे खरे आहे. पण वरच्या उदाहरणात चेंडू राहून गेला होता. तो राहिला हे यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण चेंडू फक्त मुलाच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याला काय म्हणायचे आहे हे वाक्य जुळवताना कळत जाते, आणि ‘म्हणून’ लिहायचे की ‘तरीही’ हे ठरवताना मूल स्वतःच्या विचाराची परीक्षा घेत असते. ती परीक्षा दुसऱ्याकडून देववली तर मुलाच्या हाती वाक्य येईल, विचार येणार नाही. आणि पुढे कोणी त्याच्या नावावरच्या मजकुराबद्दल प्रश्न विचारला तर त्याला उत्तर देता येणार नाही. वाढत्या वयात यंत्राचा उपयोग करणे वेगळे. वाक्य घडवण्याची शक्ती येण्याआधी ते काम यंत्राकडे देणे मला मुलावर अन्याय करणारे वाटते.

घर आणि शाळा यांची सांगड घालायची असेल तर शाळांनी एक लहानसा बदल करून पाहावा, असे मला वाटते. घरी लिहायला निबंधाचा विषय देण्याऐवजी स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवर चार वाक्ये लिहायला सांगावीत, ती घरातल्या एका माणसाला वाचून दाखवायला सांगावीत, आणि त्या माणसाने विचारलेला एक प्रश्न मुलानेच खाली लिहावा. त्यानंतर कोणतेही एक वाक्य पुन्हा लिहावे. मूळ वाक्य रबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून नवे त्याच्या खाली लिहावे, म्हणजे शिक्षकाला दोन्ही दिसतील. गुण द्यायचेच असतील तर पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे जाताना मुलाने काय बदलले, यासाठी द्यावेत. अशी वही पाहायला शिक्षकाला निबंध तपासण्यापेक्षा कमी वेळ लागेल, आणि लिहून दिलेला किंवा उतरवलेला मजकूर त्यात फार काळ लपणारही नाही, कारण उतरवलेल्या वाक्यावर घरातून प्रश्न आला की त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही.